कुलुपबंद दालनांतला रखवालदार

१९७७ सालीं अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीनें ‘व्हॅक्स ११/७८०’ नांवाचा संगणक बाजारांत आणला. कपाटांच्या रांगेएवढ्या या यंत्राच्या दर्शनी बाजूस एक साधें कुलूप होतें आणि त्यांतली किल्ली पांच जागीं फिरे. एका जागीं यंत्र बंद राही. दुसऱ्या जागीं तें समोर बसलेल्या माणसाच्या आज्ञेंत येई. आणि आणखी एका जागीं किल्ली नेली म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून शेंकडों मैल दूर बसलेल्या तज्ज्ञाच्या स्वाधीन होई. कंपनीचें हें तपासणी-केंद्र कोलोराडो स्प्रिंग्ज येथें होतें. यंत्र बिघडलें कीं तेथील तज्ज्ञ तारेवरूनच त्याची नाडी पाहात, आणि दुरुस्ती करणारा माणूस पाठवावयाचा तर कोणता भाग घेऊन पाठवावा, हें ठरवीत.

या सोयीचें मर्म यंत्राच्या पोटांत होतें. मोठ्या संगणकाच्या कपाटांतच ‘एल.एस.आय. ११’ नांवाचा दुसरा एक लहान संगणक बसविलेला असे. मोठ्यास जागें करणें, त्याच्या अंतर्भागांत डोकावणें, त्यास थांबविणें हीं याचीं कामें. मोठा संगणक मूर्च्छित पडला तरी हा लहान सावध असे. आजाऱ्यानेंच आपल्या आजाराची हकीकत सांगावी ही अपेक्षा व्यर्थ आहे. त्यासाठीं उशाशीं दुसरें कोणी जागें असावें लागतें. दूरस्थ व्यवस्थापनाचा पुढील सर्व इतिहास या एका कल्पनेचा विस्तार आहे असें म्हणावयास हरकत नाहीं. मात्र त्या काळीं एक गोष्ट निर्विवाद होती : किल्ली खोलींतल्या माणसाच्या हातीं होती. त्यानें ती फिरविली नाहीं, तर कोलोराडोंतल्या तज्ज्ञाचें कांहींएक चालत नसे.

पुढें संगणक लहान व स्वस्त झाले आणि त्यांची संख्या भराभर वाढली. १९९० नंतरच्या दशकांत कचेऱ्यांतून व बँकांतून ‘सर्व्हर’ म्हणविणारीं यंत्रें मांडणींत एकावर एक रचून ठेवण्यांत येऊं लागलीं. प्रत्येकापुढें पडदा आणि कळफलक ठेवणें शक्य नव्हतें, आणि प्रत्येकापाशीं माणूस बसविणें तर त्याहून अशक्य. रात्रीं दोन वाजतां एखादें यंत्र गोठलें, कीं व्यवस्थापकानें अंथरुणांतून उठावें, गांवाच्या दुसऱ्या टोंकास जावें, कुलूप उघडावें, आणि एक कळ दाबून परत यावें, असा प्रकार होऊं लागला. केवळ एक कळ दाबण्यासाठीं केलेला हा प्रवास त्या धंद्यांतील जुन्या माणसांच्या चांगला स्मरणांत असेल.

यावर कॉम्पॅक कंपनीनें सर्व्हरांत बसवावयाचें एक स्वतंत्र कार्ड काढलें. पुढें २००२ च्या सुमारास तेंच काम करणारी चिप यंत्राच्या मूळ फलकावरच बसूं लागली व तिला ‘इंटिग्रेटेड लाइट्स-आउट’ असें नांव मिळालें. त्याच वर्षीं कॉम्पॅक ही ह्यूलेट-पॅकार्डमध्यें विलीन झाली. ‘लाइट्स-आउट’ म्हणजे दिवे मालविलेलें. यंत्रांच्या दालनांत कोणी येणार-जाणारच नसेल तर दिवे तरी कोणासाठीं लावावे, असा त्यांतील भाव आहे. डेल कंपनीनें याच कामासाठीं ‘ड्रॅक’ आणलें. सन कंपनीचीही अशीच योजना होती. जितके कारखानदार तितक्या रीती झाल्या.

हा गोंधळ मिटविण्यासाठीं इंटेल, डेल, ह्यूलेट-पॅकार्ड व एन.ई.सी. या चार कंपन्यांनीं १९९८ सालीं ‘आय.पी.एम.आय.’ नांवाची एक सामाईक संहिता प्रसिद्ध केली. २००१ मधील सुधारणेनें तींत जाळ्यावरून आज्ञा देण्याची सोय आली आणि २००४ मध्यें दुसरी आवृत्ति निघाली. या संहितेच्या केंद्रस्थानीं ‘बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर’ नांवाची जी चिप आहे, तिलाच त्या धंद्यांत ‘बी.एम.सी.’ म्हणतात. सर्व्हर बंद असला तरी भिंतींतल्या विजेची तार जोडलेली आहे तोंवर ही चिप जागी असते. पंख्यांचे फेरे, तपमान, विजेचा दाब यांची नोंद ती ठेवते. आज्ञा मिळतांच यंत्र चालूं करते, बंद करते. यंत्राचा पडदा दूरच्या पडद्यावर दाखविते. इतकेंच नव्हे, तर दूर ठेवलेली तबकडी जणूं याच यंत्रांत घातली आहे असा भास उत्पन्न करून रिकाम्या यंत्रावर सर्व प्रणाली नव्यानें चढविते. अमेरिकेंतील सर्व्हरांची रात्रपाळी पुण्यांत किंवा बंगळूरांत बसून सांभाळण्याचा जो व्यवसाय उदयास आला, त्याच्या साधनांत या चिपेचें स्थान मोठें आहे.

परंतु या सोयीबरोबर व्हॅक्सची किल्ली नाहींशी झाली, आणि तिच्या जागीं परवलीचा शब्द आला. हा फरक वाटतो तितका लहान नाहीं. २०१३ सालीं डॅन फार्मर या सुरक्षा-संशोधकानें संहितेच्या दुसऱ्या आवृत्तींतील दोष चव्हाट्यावर मांडले. तींत शून्य क्रमांकाची एक रीत होती. ती चालूं ठेवलेली असल्यास केवळ वापरणाराचें नांव ठाऊक असणें पुरे होई, परवलीचा शब्द कोणताही चालत असे! दुसरा दोष याहून विलक्षण. दाराशीं आलेल्या परक्यानें खरें नांव सांगितलें, कीं त्याची ओळख पटण्यापूर्वींच ही चिप त्या शब्दावरून काढलेलें एक गणिती चिन्ह त्याच्या हातीं देई. तें घरीं नेऊन त्यानें स्वस्थपणें एकेक शब्द पडताळून पाहावा. आणि हा कोणा एका कारागिराचा प्रमाद नव्हता. संहितेनेंच तसें सांगितलें होतें.

त्याच वर्षीं मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांना अशा चिपा असलेले एक लक्षाहून अधिक सर्व्हर सार्वजनिक इंटरनेटवर उघडे आढळले. पुढें ह्यूलेट-पॅकार्डच्या चौथ्या पिढींतील चिपेंत असा दोष सांपडला, कीं विनंतीच्या एका ओळींत इंग्रजी ‘ए’ हें अक्षर २९ वेळां लिहिल्यास कुलूप आपोआप उघडे. २०१७ मध्यें त्याची दुरुस्ती झाली. परंतु दुरुस्ती निघणें आणि ती प्रत्येक यंत्रांत होणें यांत अंतर असतें. २०२१ च्या डिसेंबरांत इराणांतील एका सुरक्षा-कंपनीनें या चिपेंतच दडून बसणाऱ्या एका घातकी प्रणालीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ती सर्व्हरवरील माहिती पुसून टाकी. आणि मालकानें चिपेची नवी आवृत्ति चढविली, तर ती चढूं न देतां काम यशस्वी झाल्याचें खोटेंच कळवी. रखवालदारच चोरास सामील झाला, म्हणजे तक्रार करावयाची कोणाकडे?

उपाय झाले नाहींत असें नाहीं. २०१५ सालीं ‘रेडफिश’ ही नवी संहिता आली. त्याच वर्षीं फेसबुक कंपनीनें ‘ओपन बी.एम.सी.’ या नांवानें चिपेंतील प्रणाली सर्वांस पाहण्यासाठीं खुली केली, आणि २०१८ मध्यें याच नांवाचा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालीं गेला. दूरदृष्टीचे व्यवस्थापक तर या चिपांच्या तारा इतर जाळ्यापासून अगदीं निराळ्या ठेवतात, म्हणजे राजरस्ता बंद पडला तरी मागची पाऊलवाट मोकळी राहावी.

त्या पाऊलवाटेची परीक्षा ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं झाली, आणि ती फेसबुकच्याच घरीं. नेहमींच्या देखभालींत दिलेल्या एका आज्ञेनें कंपनीच्या यंत्रशाळांना जोडणारें मुख्य जाळें तुटलें. असली आज्ञा अडवावयास ठेवलेल्या तपासनीस प्रणालींतही दोष निघाला. राजरस्ता गेला, आणि त्याबरोबर दूरून शिरण्याची निराळी वाटही गेली. अखेर अभियंत्यांना प्रत्यक्ष यंत्रशाळांकडे धाडावें लागलें. तेथें पोंचल्यावरही आंत जाणें सोपें नव्हतें; त्या इमारती कोणास सहजासहजीं शिरतां येऊं नये अशाच बांधलेल्या होत्या, आणि आंतलीं यंत्रें हात लावणारासही दाद देऊं नयेत अशीं रचलेलीं होतीं. सुमारें सहा तासांनीं सेवा पुनः सुरू झाली.