लहान मुलांमधील मूत्रमार्ग संसर्ग

मूत्रपिंडे, मूत्रवाहिन्या, मूत्राशय आणि मूत्राशयातून लघवी बाहेर नेणारी नळी यांपैकी एका वा अधिक भागांत जीवाणूंची वाढ होऊन उद्भवणाऱ्या विकारास मूत्रमार्ग संसर्ग म्हणतात. मोठ्या मुलांत तो पुष्कळदा मूत्राशयापुरता मर्यादित असतो. दोन वर्षांखालील मुलांत मात्र तो मूत्राशयात आहे की मूत्रपिंडापर्यंत पोहोचला आहे, हे केवळ लक्षणांवरून ठरवणे अवघड असते. त्यामुळे या वयात तापासह आढळणारा संसर्ग मूत्रपिंडाचाच आहे असे धरून उपचार केले जातात. तापाचे अन्य कारण स्पष्ट नसलेल्या तान्ह्या मुलांची लघवी तपासली असता त्यांपैकी सुमारे ५ ते ७ टक्के मुलांत हा संसर्ग आढळतो. वेळीच ओळखल्यास तो औषधांनी पूर्ण बरा होतो. निदानास विलंब झाल्यास मूत्रपिंडावर कायमचे वण राहण्याचा धोका वाढतो. उलटपक्षी, सदोष नमुन्यावरून नसलेल्या संसर्गाचे निदान झाल्यास मुलास विनाकारण प्रतिजैविके व पुढील तपासण्या सोसाव्या लागतात.

कारणे

बहुसंख्य मुलांत, म्हणजे सुमारे ८० ते ९० टक्क्यांत, हा संसर्ग ई. कोलाय या जीवाणूमुळे होतो. थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये तान्ह्या मुलांच्या विष्ठेतील या जीवाणूचे प्रथम वर्णन केले आणि त्यांच्याच नावावरून तो पुढे एशेरिकिया कोलाय म्हणून ओळखला जाऊ लागला. आतड्यात तो निरुपद्रवी असतो. परंतु त्याचे काही प्रकार केसासारख्या सूक्ष्म तंतूंच्या साहाय्याने मूत्रमार्गाच्या अस्तरास चिकटून वर चढतात. क्लेब्सिएला, प्रोटिअस व एंटेरोकॉकस हे जीवाणू त्यामानाने कमी वेळा आढळतात. नवजात अर्भकांत जंतू रक्तावाटेही मूत्रपिंडात पोहोचू शकतात.

जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मुलग्यांत, विशेषतः सुंता न झालेल्यांत, संसर्गाचे प्रमाण अधिक असते. पहिल्या वर्षानंतर हे चित्र पालटते. मुलींमध्ये मूत्राशयाबाहेरील नळी आखूड असल्याने त्यांना संसर्ग अधिक होतो. वयाच्या सातव्या वर्षापर्यंत सुमारे ८ टक्के मुलींना व २ टक्के मुलग्यांना तो एकदा तरी झालेला असतो.

मूत्राशय पूर्ण रिकामे न होणे हे संसर्गाचे मोठे पूर्वकारण आहे. बद्धकोष्ठात मळाने भरलेले मोठे आतडे मूत्राशयावर दाब आणते आणि लघवी साचून राहते. काही मुलांत लघवी मूत्राशयातून मूत्रवाहिन्यांमध्ये उलटी चढते. तापासह पहिला संसर्ग झालेल्या मुलांपैकी साधारण एक-तृतीयांश मुलांत असा परतीचा प्रवाह आढळतो. सौम्य असल्यास तो वाढत्या वयाबरोबर पुष्कळदा आपोआप नाहीसा होतो. मुलग्यांत लघवीच्या नळीतील जन्मजात पडद्यामुळे मार्ग अडलेला असू शकतो. लघवीची धार बारीक असणे, लघवी थेंबथेंब होणे किंवा मुलास त्यासाठी कुंथावे लागणे या खुणा दिसल्यास त्याचा विचार तातडीने करावा लागतो.

लक्षणे

लघवीस जळजळ होणे, वारंवार थोडी थोडी लघवी होणे, ओटीपोटात दुखणे, वळण लागलेल्या मुलाने पुन्हा अंथरूण ओले करणे ही लक्षणे बोलत्या मुलांत दिसतात. मराठीत या जळजळीस ‘उन्हाळी लागणे’ म्हणतात आणि तीवर धने-जिऱ्याचे किंवा वाळ्याचे पाणी देण्याची रीत आहे. पाणी कमी प्यायल्याने होणाऱ्या जळजळीत या पेयांनी बरे वाटते. संसर्ग मात्र त्यांनी जात नाही. ताप, पाठीत वा कुशीत दुखणे, उलट्या किंवा लघवीत रक्त यांपैकी काही असेल, तर घरगुती उपायांत दिवस घालवणे धोक्याचे ठरते.

तान्ह्या मुलांत यांपैकी एकही खूण दिसेलच असे नाही. पुष्कळदा ३८ अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक ताप हेच एकमेव लक्षण असते. त्याच्या जोडीला किरकिर, दूध न ओढणे, उलट्या, जुलाब, वजन न वाढणे, तर नवजात अर्भकात लांबलेली कावीळ किंवा अंग थंड पडणे असे काहीही असू शकते. ही लक्षणे अनेक आजारांत समान असल्याने ताप दात येण्यामुळे आला असे घरात सहज मानले जाते. दात येताना अंग किंचित कोमट लागू शकते. ३८ अंशांवरील तापाचे कारण दातांवर ढकलणे योग्य नाही. लघवीला येणारा उग्र वासही निदानास पुरेसा नसतो. तीन महिन्यांखालील बाळास ताप आल्यास त्यास विनाविलंब रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

लघवीचा नमुना

या आजाराच्या निदानात सर्वाधिक चुका प्रयोगशाळेत नव्हे, तर नमुना घेताना होतात. त्वचेवरील व गुदद्वाराभोवतीचे जंतू नमुन्यात मिसळले की तपासणीचा निष्कर्ष फसवा ठरतो. जननेंद्रियाभोवती चिकटवण्याची प्लॅस्टिकची पिशवी सोयीची असली, तरी तिच्यातील नमुन्यात हमखास असे जंतू उतरतात. पिशवीतील लघवी निर्दोष आढळली तर संसर्ग असण्याची शक्यता कमी होते. सदोष आढळल्यास मात्र योग्य पद्धतीने दुसरा नमुना घ्यावा लागतो. लंगोट वा कापूस पिळून काढलेली लघवी जंतुसंवर्धनासाठी वापरू नये.

लघवीवर ताबा आलेल्या मुलांत जागा साध्या पाण्याने धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत धरतात. तान्ह्या मुलांत कॅथेटरने किंवा ओटीपोटातून सुईने थेट मूत्राशयातील लघवी घेणे सर्वांत विश्वसनीय होय. बाळ स्थिर असल्यास आपोआप होणारी लघवी हवेतच डबीत झेलण्याचा मार्गही आहे. त्यास चिकाटी लागते. मेलबर्न येथे झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थंड द्रावणात भिजवलेल्या गॉझने बाळाचे ओटीपोट हलके चोळले असता ३१ टक्के बाळांनी पाच मिनिटांत लघवी केली. न चोळता वाट पाहिलेल्या गटात हे प्रमाण १२ टक्के होते.

प्रतिजैविकाची पहिली मात्रा देण्यापूर्वीच नमुना घेणे अत्यावश्यक असते. एका मात्रेनेही लघवीतील जंतूंची वाढ थांबू शकते आणि मग संसर्ग कोणत्या जंतूचा होता, किंबहुना तो होता की नाही, हे कळण्याचा मार्ग बंद होतो. नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचणार नसेल, तर तो शीतकपाटात ठेवतात. खोलीच्या तापमानात, विशेषतः उन्हाळ्यात, त्यातील मोजके जंतूही झपाट्याने वाढतात.

तपासणी व निदान

रासायनिक पट्टीने पांढऱ्या पेशींचे विकर व नायट्राइट यांची तपासणी काही मिनिटांत होते. नायट्राइट आढळल्यास संसर्गाची शक्यता फार मोठी असते. न आढळल्यास संसर्ग नाही असे म्हणता येत नाही. लघवीतील नायट्रेटचे नायट्राइट होण्यासाठी ती सुमारे चार तास मूत्राशयात राहावी लागते आणि तान्ही मुले त्याआधीच लघवी करून मोकळी होतात. शिवाय एंटेरोकॉकससारखे जंतू नायट्राइट तयार करत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली पूपेशी दिसणे याही निदानास पूरक असते.

अंतिम निदान जंतुसंवर्धन चाचणीने, म्हणजे कल्चरने होते. दर मिलिलिटरला १,००,००० जंतू ही रूढ मर्यादा एडवर्ड कॅस यांच्या १९५० च्या दशकातील प्रौढ स्त्रियांवरील अभ्यासातून आली आहे. अमेरिकन बालरोग अकादमीने २०११ मध्ये दोन महिने ते दोन वर्षे वयाच्या मुलांसाठी, कॅथेटरने वा सुईने घेतलेल्या नमुन्यात, ५०,००० ही मर्यादा मानली आणि तिच्या जोडीला पूपेशी अथवा जंतू दिसणेही आवश्यक ठरवले. लक्षणे नसताना लघवीत केवळ जंतू आढळल्यास बहुधा उपचार करत नाहीत.

उपचार

कल्चरचा अहवाल येण्यास दोन ते तीन दिवस लागतात. तापलेल्या लहान मुलात तोवर थांबत नाहीत. नमुना घेताच प्रतिजैविक सुरू करून अहवालानुसार ते बदलतात. तापाच्या आरंभापासून ४८ तासांहून अधिक विलंब झाल्यास वणांचे प्रमाण वाढते, असे आढळले आहे. तोंडाने औषध घेऊ शकणाऱ्या मुलांना सेफिक्झिम किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट यांसारखी औषधे देतात. दोन-तीन महिन्यांखालील बाळे, वारंवार उलट्या करणारी किंवा गळून गेलेली मुले यांना रुग्णालयात ठेवून शिरेवाटे औषधे दिली जातात. नायट्रोफ्युरॅन्टॉइन मूत्राशयाच्या संसर्गात उपयुक्त असले, तरी मूत्रपिंडाच्या ऊतींत त्याची पुरेशी मात्रा पोहोचत नसल्याने ताप असलेल्या मुलास ते देत नाहीत. भारतात अनेक औषधांना न जुमानणारे ई. कोलाय सर्रास आढळतात; म्हणून आधीच्या चिठ्ठीवरून दुकानातून औषध आणून देणे विशेष घातक ठरते.

तापासह असलेल्या संसर्गात औषध सामान्यतः ७ ते १० दिवस देतात. योग्य औषधाने ताप बहुधा ४८ तासांत उतरू लागतो. तो न उतरल्यास कल्चर पुन्हा पाहणे आणि अडथळा वा गळू शोधण्यासाठी सोनोग्राफी करणे क्रमप्राप्त असते. ताप उतरला म्हणून औषध मध्येच थांबवू नये.

पुढील तपासण्या व पुनरुद्भव

पहिल्या संसर्गानंतर कोणत्या तपासण्या कराव्यात याबाबत एकमत नाही. भारतीय मार्गदर्शक सूचना पहिल्या संसर्गानंतर सोनोग्राफीची शिफारस करतात. ब्रिटनमधील नाइस ही संस्था सहा महिन्यांवरील, उपचारांना उत्तम प्रतिसाद देणाऱ्या मुलांत तीही आवश्यक मानत नाही. कॅथेटरने औषध भरून मूत्राशयाची क्ष-किरण छायाचित्रे घेण्याची तपासणी मुलास त्रासदायक असते. ती सोनोग्राफीत दोष दिसल्यास किंवा संसर्ग पुन्हा झाल्यास करतात. वण शोधणारे डीएमएसए स्कॅन संसर्गानंतर चार ते सहा महिन्यांनी केले जाते. विस्तृत वणांमुळे पुढे रक्तदाब वाढणे व मूत्रपिंडाचे कार्य मंदावणे संभवते.

परतीचा प्रवाह असलेल्या मुलांना दीर्घकाळ अल्प मात्रेत प्रतिजैविक द्यावे की नाही, हा जुना वाद आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील रिव्हर चाचणीत ६०७ मुलांचा दोन वर्षे मागोवा घेतला गेला. औषधाने पुन्हा होणारे संसर्ग सुमारे निम्म्यावर आले. वणांच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही आणि औषध घेत असताना झालेल्या संसर्गांत प्रतिरोधक जंतू अधिक आढळले. त्यामुळे हा उपाय सरसकट न वापरता निवडक मुलांपुरता ठेवण्याकडे कल आहे.

बद्धकोष्ठावरील उपचार, पुरेसे पाणी आणि दर दोन-तीन तासांनी लघवीस जाण्याची सवय यांनी पुनरुद्भव पुष्कळ कमी होतो. शाळेतील अस्वच्छ किंवा कडी नसलेल्या स्वच्छतागृहामुळे मुली सकाळपासून घरी येईपर्यंत लघवी रोखून धरतात आणि ती टाळण्यासाठी पाणीही पीत नाहीत. अशा वेळी औषधाइतकेच शाळेशी बोलणे आवश्यक असते. एकदा संसर्ग होऊन गेलेल्या मुलास पुढे कारण न कळणारा ताप आल्यास एक-दोन दिवसांतच लघवी तपासावी, अशी सूचना पालकांना दिली जाते.