देवळालीच्या गुरुजींची वजाबाकी

शाळेंतील अंकगणित म्हणजे केवळ हिशेबाची तयारी, ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनीं १९४९ सालीं विद्वानांपुढें मांडलेली ६१७४ ही संख्या पाहा. ३५२४ चे अंक उतरते व चढते लिहून वजाबाकी करीत गेलें, कीं ३०८७, ८३५२ व तिसऱ्या खेपेस ६१७४ येते; पुढें तीच येत राहते. चारही अंक सारखे नसले म्हणजे झालें (शून्य मात्र गाळावयाचें नाहीं!), सातांहून अधिक खेपा लागत नाहींत. प्रत्येक बाकीस नवांनीं भाग जातो, कारण दोन्ही संख्यांच्या अंकांची बेरीज एकच. हें 'कां' चौथीच्या मुलास पाटीवर उमगतें. आम्ही पाढ्यांच्या घाईंत त्याला तें विचारूं देत नाहीं. कित्येक पंडितांनीं हा पोरखेळच मानला. १९७५ सालीं अमेरिकेंत मार्टिन गार्डनर यांनीं लिहिलें, तेव्हां कोठें गुरुजींचें नांव दूरवर पोहोंचलें.