थराराला लूप हवाच का? रोलर कोस्टरच्या इतिहासातून एक उत्तर

१/ सन १९०१. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या समुद्रकिनारी 'लूप द लूप' नावाचे नवे यंत्र उभे राहिले. गाडी उभ्या रिंगणातून, प्रवाशांचे डोके खाली आणि पाय वर करीत, फिरून बाहेर पडे. लोकांनी त्यासाठी पैसे मोजले. पण पुष्कळांनी मोजले ते बसण्यासाठी नव्हे, बसणाऱ्यांकडे पाहण्यासाठी! आजचा धागा या विसंगतीवर. #इतिहास #धागा

२/ आरंभ रशियात. सतराव्या-अठराव्या शतकांत तेथे हिवाळ्यात लाकडी चौकटींवर पाणी ओतून बर्फाचे उंच उतार रचले जात आणि लोक त्यांवरून घसरत. १८१७ साली पॅरिसमध्ये या खेळाला चाके आणि रूळ मिळाले. फ्रेंच भाषेत रोलर कोस्टरला आजही 'रशियन डोंगर' म्हणतात. मूळ आनंद होता तो पडण्याचा. उलटे होण्याचा नव्हे.

३/ १८८४ मध्ये लामार्कस थॉम्पसन यांनी कोनी आयलंडवर 'स्विचबॅक रेल्वे' सुरू केली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर. प्रवासी बाकावर आडवे तोंड करून बसत. आजच्या मापाने हा खेळ अगदीच सौम्य, तरीही त्यासाठी रांगा लागत.

४/ मग लूप आला कुठून? त्याचे प्रयोग फार जुने आहेत. १८४०च्या दशकात इंग्लंडमध्ये आणि १८४६ साली फ्रान्समध्ये 'केंद्रोत्सारी रेल्वे' या नावाने लहान लूप उभारले गेले. गाडी उलटी होऊनही माणूस खाली पडत नाही, हा त्या काळी विज्ञानाचा चमत्कारच होता. कुतूहल शमले आणि खेळही मावळला.

५/ १८९५ मध्ये पॉल बॉयटन यांच्या 'सी लायन पार्क'मध्ये, म्हणजे पुन्हा कोनी आयलंडवरच, 'फ्लिप फ्लॅप' अवतरला. त्याचा लूप जवळजवळ पूर्ण वर्तुळ होता. व्यास सुमारे २५ फूट. प्रवाशांच्या मानेला असे हिसके बसत की दुखापतींसाठीच तो कुप्रसिद्ध झाला.

६/ दोष वर्तुळाच्या आकारात होता. घर्षण बाजूला ठेवून हिशेब करू. माथ्यावरून रूळ न सोडता जाण्यापुरताच वेग असला, तरी तळाशी माणसावर त्याच्या वजनाच्या सहापट भार येतो. वर्तुळ लहान असो वा मोठे, हा आकडा बदलत नाही. शिवाय तो भार हळूहळू वाढत नाही. सपाट रुळावरून वर्तुळात शिरताच एकदम आदळतो.

७/ एडविन प्रेस्कॉट यांनी 'लूप द लूप'मध्ये वर्तुळाऐवजी लंबवर्तुळ वापरले. माना वाचल्या, पण धंदा वाचला नाही. गाडीत बसत चारच माणसे, म्हणून गल्ला भरेना. एकदा पाहिले, एकदा बसले, संपले. १९१० साली तो बंद पडला. लूप हे बसणाऱ्याच्या आनंदापेक्षा पाहणाऱ्याचे कौतुक अधिक होते.

८/ यानंतर कित्येक दशके लूप जवळपास अदृश्य झाला. मग रोलर कोस्टरचा धंदा बुडाला का? मुळीच नाही. १९२०चे दशक हा त्याचा सुवर्णकाळ मानला जातो. याचे बरेचसे श्रेय जॉन मिलर या अभियंत्याकडे जाते. गाडीला रुळाच्या खालच्या बाजूनेही चाके लावण्याची युक्ती त्यांनी १९१९ च्या सुमारास पेटंट केली.

९/ या चाकांमुळे गाडी रूळ सोडून उडू शकत नव्हती. मग टेकड्या हव्या तितक्या तीव्र करता येऊ लागल्या. १९२७ साली सुरू झालेला कोनी आयलंडचा लाकडी 'सायक्लोन' याच परंपरेतला. त्यात एकही लूप नाही. तो आजही धावतो आहे.

१०/ त्या टेकड्यांवर नेमके काय होते? जत्रेतला पाळणा माथ्यावरून खाली येऊ लागताच पोटात गोळा येतो, तो आठवा. गाडी टेकडीच्या शिखरावरून वेगाने खाली वळते. शरीर मात्र जडत्वामुळे सरळ पुढे जाऊ पाहते. क्षणभर आपण आसनावरून उचलले जातो आणि वजन नाहीसे झाल्यासारखे वाटते. शौकिनांच्या भाषेत हाच 'एअरटाइम'.

११/ आता पोलाद. १९५९ मध्ये डिस्नेलँडच्या 'मॅटरहॉर्न'साठी ॲरो कंपनीने पोलादी नळ्यांचे रूळ वापरले. लाकडाला जे वळण देणे कठीण, ते नळीला सहज देता येई. याच ॲरोने १९७५ साली कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्ममध्ये 'कॉर्कस्क्रू' उभारला. त्यात गाडी मळसूत्रासारखी दोनदा उलटी होई. विसरलेला खेळ परतला.

१२/ पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियातच 'ग्रेट अमेरिकन रेव्होल्यूशन' आला. त्याचे जर्मन निर्माते होते आंटोन श्वार्त्सकोप्फ आणि अभियंते वेर्नर श्टेंगेल. त्यांचा लूप पाण्याच्या थेंबासारखा होता: तळाशी पसरट, माथ्याशी आवळलेला. या वक्राला क्लोथॉइड म्हणतात. रेल्वेमार्ग सरळ रेषेतून वळणात हलकेच नेण्यासाठी अशा वक्रांचा उपयोग होतो. आठ दशकांपूर्वीच्या मानदुखीवर अखेर औषध सापडले.

१३/ मग स्पर्धा लागली. कोण किती वेळा उलटे करतो? २००२ मध्ये इंग्लंडच्या 'कोलोसस'ने दहा वेळा, तर २०१३ मध्ये इंग्लंडच्याच 'द स्मायलर'ने चौदा वेळा उलटे करण्याचा विक्रम केला. विक्रम जाहिरातीत छापता येतो, लूप दुरूनही दिसतो. पोटातला गोळा मात्र फलकावर छापता येत नाही.

१४/ येथे एक गंमत लक्षात घ्यावी. चांगल्या लूपच्या माथ्यावरही शरीर आसनाकडेच दाबलेले असते. डोळे मिटले तर आपण उलटे आहोत हे सहसा जाणवतही नाही! म्हणजे टेकडी वजन काढून घेते, लूप वजन लादतो. लूपचा थरार बराचसा डोळ्यांचा, टेकडीचा संपूर्ण देहाचा.

१५/ हे सर्वांत आधी ओळखले कोणी? पुन्हा ॲरोनेच! १९८९ मध्ये ओहायोतील सीडर पॉइंट येथे त्यांनी 'मॅग्नम एक्सएल-२००' उभारला. उंची २०५ फूट, वेग ताशी सुमारे ११६ किलोमीटर, लूप शून्य. आधुनिक काळात उलटापालट परत आणणाऱ्या कंपनीने ती पूर्णपणे वगळून उंचीची नवी शर्यत सुरू केली.

१६/ आता रसिकांचा कौल पाहू. 'अम्यूजमेंट टुडे' हे नियतकालिक १९९८ पासून 'गोल्डन तिकीट' पुरस्कार देते. १९९८ ते २०१९ या काळात सर्वोत्कृष्ट पोलादी रोलर कोस्टरचा मान मिळवणारे चारच: 'मॅग्नम', 'मिलेनियम फोर्स', मॅसॅच्युसेट्समधील 'सुपरमॅन' (काही वर्षे 'बिझारो' या नावाने) आणि 'फ्युरी ३२५'. चौघांपैकी एकही प्रवाशाला उलटे करीत नाही.

१७/ मग लूप निरर्थक ठरतो का? असा निष्कर्ष अन्यायाचा होईल. आकाश पायाखाली आणि जमीन डोक्यावर दिसण्याचा क्षण दुसऱ्या कशानेच मिळत नाही. पहिल्या लूपचे धैर्य हा अनेकांच्या तारुण्यातला एक छोटा पराक्रम असतो. शिवाय उलटे असतानाच वेग मंदावणारी काही वळणे प्रवाशाला पट्ट्यांवर लोंबकळत ठेवतात. तो अनुभव टेकडीच्या पंक्तीत बसणारा आहे.

१८/ एक उदाहरण आपल्या घरचे. खोपोलीजवळील इमॅजिका उद्यानातला 'नायट्रो' प्रवाशांना पाच वेळा उलटे करतो. तो बनवला स्वित्झर्लंडच्या बोलिगर आणि माबिलार्ड या कंपनीने. वर उल्लेखलेला, ३२५ फूट उंचीचा, एकदाही उलटे न करणारा 'फ्युरी ३२५' कोणाचा? त्याच कंपनीचा. कसलेला कारागीर दोन्ही हत्यारे जवळ बाळगतो आणि जागा पाहून वापरतो.

१९/ सारांश: लूपने गर्दी जमवली, उतारांनी ती टिकवली. १९०१ मध्ये 'लूप द लूप'भोवती जमलेले लोक नकळत हेच सांगत होते. जे पाहायला विलक्षण, ते भोगायलाही विलक्षण असेलच असे नाही. रशियातल्या बर्फावरून घसरणाऱ्यांना जे गवसले होते, तेच आजच्या पोलादी रुळांवरही खरे आहे: आनंद पडण्यात आहे.

२०/ आता आपला अनुभव सांगावा. आपल्या पोटात सर्वांत मोठा गोळा कुठे आला: उलटे होताना की खाली झेपावताना? धागा आवडल्यास इतिहासप्रेमी मित्रांपर्यंत अवश्य पोहोचवा. (समाप्त)