खुंटाला फुटलेलं रान

शेंदूरजनाघाटच्या उत्तरेला सातपुडा चढतो. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, अन् स्लीपरांपायी सातपुड्यातला साग पडू लागला. आजी म्हणायची, “साग तोडला तं मरत नाई बापू, खुंटातून पुन्हा फुटते.” खरंच आहे ते. पण एका खुंटाला चार-पाच फोक येतात. जुन्या सरळ बुंध्याची सर त्यांना नाही. पळसही तसाच चिवट.

मोहाचं वेगळं. फुलं दिसावीत म्हणून लोक खालचा पाला पेटवतात, त्यात मोहाचीच रोपं जळतात. म्हातारे मोह उभे, खाली पोर एक नाही! मोकळ्या जागेत टणटणी घुसते. दुरून डोंगर हिरवाच दिसे. आजीला मात्र मोह वेचायला दरसाल आणखी वर जावं लागे.