फुजीच्या पायथ्याची माघार

मोटारींच्या शर्यतींचा इतिहास म्हणजे वेगाचाच इतिहास, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती फारशी खोटीही नाही. तथापि २४ ऑक्टोबर १९७६ रोजी जपानमध्ये, फुजी पर्वताच्या पायथ्याशी जी शर्यत झाली, ती आज स्मरणात राहिली आहे ती एका चालकाने मध्येच मोटार थांबविली म्हणून. या प्रसंगाचा आरंभ मात्र त्याच वर्षी जर्मनीत झाला असल्याने प्रथम तिकडे वळले पाहिजे.

जर्मनीतील नुर्बुर्गरिंगचा मार्ग डोंगराळ अरण्यातून सुमारे २३ किलोमीटर वळणे घेत जात असे. एवढ्या विस्तारात एका बाजूस ऊन आणि दुसऱ्या बाजूस पाऊस, हा तेथला नित्याचा प्रकार. ऑस्ट्रियाचा निकी लाउडा हा १९७५ सालचा जगज्जेता. हा मार्ग धोक्याचा आहे, येथे आपण शर्यतीस उतरू नये, असे त्याने इतर चालकांस आधीच सुचविले होते. परंतु बहुमत त्याच्याविरुद्ध गेले. १ ऑगस्टला शर्यत सुरू झाली तेव्हा मार्ग ओला होता, म्हणून बहुतेकांनी पाणी बाजूस फेकणारे खाचांचे टायर लावले होते. पहिली फेरी संपते न संपते तोच मार्ग बराच सुकला आणि गुळगुळीत टायर चढविण्याची एकच घाई उडाली. दुसऱ्या फेरीत लाउडाची फेरारी मार्ग सोडून आदळली, पेटली आणि तशीच उलटून मार्गावर आली; मागून येणारी मोटार तीवर आपटली. आर्तुरो मेर्झारिओ व आणखी तिघा चालकांनी आगीत हात घालून त्यास बाहेर ओढले. डोके आणि चेहरा भाजलेला, फुप्फुसांत विषारी धूर गेलेला. इस्पितळात धर्मगुरूने मरणोन्मुखासाठी असलेला ख्रिस्ती विधीही उरकला होता. असा हा मनुष्य अवघ्या सहा आठवड्यांनी, १२ सप्टेंबरला, इटलीतील मोंझा येथे जखमांवरील पट्ट्यांवर शिरस्त्राण चढवून पुन्हा शर्यतीस उतरला आणि चौथा आला! पुढे त्यास भ्याड म्हणणाऱ्यांनी एवढी एकच गोष्ट आठवावयास हवी होती.

लाउडा अंथरुणास खिळला असता इंग्लंडचा जेम्स हंट मॅक्लारेन मोटारीतून एकामागून एक शर्यती जिंकत त्याच्या जवळ येऊन ठेपला. जपानची शर्यत वर्षातील शेवटची. तीपूर्वी लाउडाचे ६८ गुण होते, हंटचे ६५. पहिल्यास ९, दुसऱ्यास ६, तिसऱ्यास ४ अशी त्या काळची गुणांची रीत होती. म्हणजे जगज्जेतेपद कोणाचे, याचा निर्णय त्या एका दुपारी व्हावयाचा होता.

आणि त्या दुपारी मुसळधार पाऊस. फुजी पर्वत ढगांत गडप झालेला, मार्गावर पाण्याचे ओघळ वाहत असलेले. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर अक्षरशः तरंगू लागतात आणि मग सुकाणूचक्र फिरविण्यास काही अर्थ उरत नाही. शिवाय पुढच्या मोटारीने उडविलेल्या तुषारांमुळे मागच्यास काहीच दिसत नाही. सुमारे दीड तास वाट पाहण्यात गेला. दिवस मावळतीकडे झुकू लागला, तेव्हा अखेर शर्यत सुरू करण्यात आली. लाउडाने दोन फेऱ्या पुऱ्या केल्या, मोटार आपल्या संघाच्या ठाण्यावर आणली आणि तो खाली उतरला. भाजलेल्या पापण्यांमुळे त्याचे डोळे नीट मिटत नव्हते, ही गोष्ट खरी. पण त्याने डोळ्यांचे निमित्त केले नाही. फेरारीचे यंत्रज्ञ माउरो फोर्गिएरी यांनी इंजिन बिघडल्याचे जाहीर करण्याची तयारी दर्शविली, तीही त्याने नाकारली. अशा पावसात मोटार चालविणे हा वेडेपणा आहे, एवढेच त्याचे कारण होते आणि तेच त्याने सांगितले. फित्तिपाल्दी, पाचे आणि पर्किन्स यांनीही त्या दिवशी माघार घेतली. परंतु त्यांच्या हातून जगज्जेतेपद निसटणार नव्हते.

आपल्याकडे ‘रणछोडदास’ हा शब्द थट्टेने वापरतात. पण जरासंधाच्या वेढ्यातून मथुरा सोडून द्वारकेस गेलेल्या श्रीकृष्णाचे तेच नाव डाकोरच्या देवळात मोठ्या भक्तीने घेतले जाते, हे बडोद्याकडील वाचकांस सांगावयास नको. ओढूनताणून तुलना करण्याचा हेतू नाही. एकाच शब्दास दोन वजने असू शकतात, एवढेच.

इकडे हंट आरंभापासून आघाडीवर होता, त्यामुळे त्याच्यापुढचा मार्ग तरी त्यास दिसत होता. पण पाऊस थांबला, मार्ग सुकू लागला, आणि ओल्यासाठी बनविलेले मऊ रबर कोरड्यावर तापून झिजू लागले. ७३ पैकी साठएक फेऱ्या आघाडी राखल्यावर तो मागे पडला. मग एक टायर फुटला आणि थांबणे भागच पडले. तो परतला तेव्हा पाचवा होता. शेवटच्या मोजक्या फेऱ्यांत त्याने दोघांस मागे टाकले. त्यांतील एक लाउडाचाच सहकारी रेगाझोनी! आपले टायर जपून चालविणारा मारिओ आंद्रेत्ती पहिला आला, दपाये दुसरा. हंट रागाने लाल होऊन मोटारीतून उतरला आणि आपल्या संघाच्या प्रमुखावर ओरडू लागला. आपण तिसरे आलो आहोत, हे त्यास ठाऊकच नव्हते. हंटचे ६९ गुण झाले, लाउडाचे ६८ राहिले. लाउडा तोपर्यंत तेथून निघूनही गेला होता.

इटलीतील वृत्तपत्रांनी त्याच्यावर टीकेची झोड उठविली. त्याने १९७७ मध्ये फेरारीतूनच जगज्जेतेपद परत मिळविले आणि हंगाम संपण्यापूर्वीच तो संघ सोडला. हंटशी त्याची मैत्री मात्र कायम राहिली. हंट १९९३ मध्ये वारला, लाउडा २०१९ मध्ये.

पावसाचे आणखी एक देणे राहिले होते. ३ जून १९८४ रोजी मोनाकोची शर्यत पावसामुळे मध्येच थांबवावी लागली आणि नियमाप्रमाणे सर्वांस अर्धेच गुण मिळाले. पहिल्या आलेल्या आलें प्रॉस्टच्या पदरी नवाऐवजी साडेचार पडले. लाउडा त्या पावसात घसरून आधीच बाद झाला होता. वर्षअखेर बेरीज झाली तेव्हा प्रॉस्टचे ७१.५ गुण होते आणि लाउडाचे ७२.