शिळ्या भाताची चार नावे

रात्री उरलेला भात पाण्यात बुडवून ठेवायचा आणि सकाळी त्याच पाण्यासह खायचा, याला छत्तीसगडमध्ये बासी म्हणतात. त्याच दिवशीच्या भातात पाणी घालून खाल्ले, तर ते बोरे. ओडिशात असा भात म्हणजे पखाळ, तेलुगू घरांत चद्दन्नम आणि बंगालमध्ये पांता भात. भिलाईच्या कामगार वस्त्यांत या साऱ्या नावांची माणसे शेजारी आली. कॅम्प-१ ही त्यांपैकीच एक वस्ती. परक्या ताटाची ओळख कशी होत जाते, हे तिच्या इतिहासात पाहता येते.

भिलाई हे दुर्ग जिल्ह्यातले भातशेतीच्या मुलखातले खेडे होते. या प्रदेशाचा मराठी भाषकांशी संबंध जुना आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत यांनी रतनपूर घेतले. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, तरी नागपूरशी असलेले प्रशासकीय नाते तुटले नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे भंडारा-नागपूरकडची माणसे आणि त्यांच्या चवी या भागाला अनोळखी नव्हत्या.

१९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि भिलाईचे रूप पालटले. दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक आणि मुंबई-हावडा लोहमार्ग एवढ्या गोष्टी हाताशी होत्या. वर्षाला १० लाख टन पोलादाची क्षमता ठरवून बांधकाम सुरू झाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याच्या नगरात आखीव सेक्टर उभे राहिले, तर पॉवर हाउस रेल्वे स्थानकाच्या परिसरात कॅम्प-१ आणि कॅम्प-२ या कामगारांच्या वस्त्या वाढल्या. छावणी उठली, पण तिचे नाव मागे राहिले.

आसपासच्या गावांतले छत्तीसगढी मजूर, ओडिया आणि तेलुगू कुटुंबे, विदर्भातून आलेले कारागीर, केरळी, बंगाली, पंजाबी असा मेळ भिलाईत जमला. दाटीच्या वस्तीत कोणाच्या घरी काय शिजते हे लपत नाही. मराठी घराला बासी अवघड वाटण्याचे कारण भातात नव्हते, तो राखण्याच्या रीतीत होते. मराठी स्वयंपाकात उरलेल्या भाताला सकाळी फोडणी मिळते. छत्तीसगढी, ओडिया आणि तेलुगू घरांत त्याला पाणी मिळते. रात्रभर पाण्यात राहिलेला भात हलका आंबतो, त्याला किंचित आंबट चव येते. मीठ, कच्चा कांदा, हिरवी मिरची, कधी दही किंवा चटणी एवढे तोंडी लावणे त्याला पुरते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जाणाऱ्या मुलखात कष्टकऱ्याला पाणी, मीठ आणि धान्य एकाच भांड्यातून देणारे हे अन्न आहे.

इतर पदार्थांचेही असेच आहे. छत्तीसगढी अंगाकर रोटी तांदळाच्या पिठाची. पळसाच्या पानांत ठेवून निखाऱ्यांवर भाजलेली. विदर्भातले पानगे पानांत असेच भाजतात, पीठ मात्र गव्हाचे. इढ़हरसाठी अळूच्या पानांवर वाटलेली उडदाची डाळ लावून वळकटी करतात, वाफवतात आणि तिचे तुकडे कढीत सोडतात. अळूवडी खाणाऱ्याला त्यात नवे वाटते ते उडीद आणि कढी. डुबकी कढी विदर्भातल्या गोळ्यांच्या कढीच्या जवळची, फक्त गोळे उडदाचे. तांदळाचा चीला म्हणजे घावनाचा भाऊबंद. तेलुगू घरातली गोंगुरा ही मराठीतली अंबाडी आणि छत्तीसगढीतली अमारी. भंडारा-गोंदियाकडे भातानंतर ओलीवर लाखोरी पेरतात, तिलाच छत्तीसगडमध्ये तिवरा म्हणतात आणि तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी आवडीने खातात. पीक तेच असते. आंबटपणा कशाने आणायचा, पीठ कोणते घ्यायचे आणि शिजवायचे कसे, एवढ्यावर एका घराचे ताट दुसऱ्याला परके वाटते.

या अनुभवाला परदेशाचीही बाजू होती. सोव्हिएत तंत्रज्ञ कुटुंबांसह भिलाईत येऊन राहिले आणि भारतीय अभियंते प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघात गेले. तिथल्या जेवणात राईचा काळा पाव, बीटाचे बोर्श्च हे सूप, कुट्टूची काशा आणि केफिर हे रोजचे. काशा खिचडीसारखी मऊ शिजवलेली आणि केफिर ताकासारखे आंबवलेले, त्यामुळे या दोन पदार्थांशी भारतीय जिभेला ओळखीचा धागा सापडण्याजोगा होता. काळ्या पावाचा आंबूसपणा मात्र पोळीभाताच्या चौकटीत कुठेच बसत नाही. जवळचे साम्य सापडले की नवा पदार्थ सोपा होतो. ते नसेल, तर सवयीलाच वेळ द्यावा लागतो.

बासीला प्रतिष्ठा उशिरा मिळाली. ती बराच काळ गरिबाची न्याहारी मानली गेली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे राज्य झाल्यावर स्थानिक भाषा आणि खाद्यपदार्थ यांकडे नव्याने लक्ष गेले. २०२२ च्या १ मे रोजी, कामगार दिनी, तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी श्रमिकांच्या सन्मानार्थ बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले आणि ती सरकारी समारंभांच्या पंगतीत आली. कॅम्पसारख्या वस्त्यांच्या दृष्टीने हा दिवस अचूक निवडलेला होता, कारण भट्टीवर जाणाऱ्या हातांनी हे अन्न त्याआधी कित्येक दशके खाल्ले होते.