यमुनेची साक्ष

मराठीतील 'कादंबरी' हा शब्द कन्नडमध्येही याच अर्थाने रूढ आहे. बाणभट्टाच्या सातव्या शतकातील संस्कृत ग्रंथाचे विशेषनाम दोन्ही भाषांनी सामान्यनाम करून घेतले. तो ग्रंथ बाणाच्या हातून अपुरा राहिला, त्याच्या पुत्राने पुढे पूर्ण केला. या सामाईक वारशावर अद्याप कोणी दावा दाखल केलेला नाही, एवढे समाधान आम्ही मानतो.

मराठीतील पहिली कादंबरी म्हणून बहुतेक अभ्यासक ज्या 'यमुनापर्यटना'चे नाव घेतात, ते १८५७ साली प्रसिद्ध झाले. त्याचे कर्ते बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ मध्ये बेळगावात झाला. मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती सिद्ध करणारेही तेच.

विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला होता. परंतु कायदा विवाह वैध ठरवतो. माजघरात काय चालते ते सांगत नाही. तो पुरावा गोळा करायचा कसा? पदमनजींनी कथानक एका वाड्यात बांधून ठेवले नाही. यमुनेला त्यांनी पतीसह प्रवासाला काढले आणि मुक्कामामुक्कामाला तिच्या कानी विधवांच्या कहाण्या घातल्या. आम्हा वकिलांना ही रचना परिचयाची वाटते. साक्षीदार घरात कोंडलेल्या, तेव्हा जबानी घेणाऱ्यानेच त्यांच्या दाराशी जायचे. पुढे यमुनेलाच वैधव्य येते आणि आजवर ऐकणारी स्वतः पक्षकार होते. आराखड्यातील हे वळण आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. त्यानंतर मात्र लेखक घाई करतो. धर्मांतर आणि पुनर्विवाह यांनी प्रश्न मिटवताना निकाल आधी लिहून ठेवल्याचा भास होतो. पुन्हा हात फिरवण्याची गरज होती ती येथे.

हरिभाऊ आपट्यांना तर हात फिरवण्याची सवड आणखीच कमी. १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. छापून गेलेले प्रकरण वाचकाच्या हाती पडलेले, ते मागे घेणार कसे? म्हणून निवेदक कोण, हा पहिलाच निर्णय शेवटपर्यंत टिकणारा हवा होता. तो टिकला. नायिकेचे नाव पुन्हा यमुनाच, पण तिची हकिकत नोंदवणारा प्रवासी आता मध्ये नाही. ती स्वतःच बोलते.

सीमाप्रश्नावर कादंबरी लिहू पाहणारी तरुण मंडळी आमच्याकडे ठराव, निवेदने आणि निकालपत्रे मागायला येतात. ती आम्ही आनंदाने देतो. मात्र फाइल हाती ठेवण्यापूर्वी एकच विचारतो, तुमच्या कादंबरीत बोलणार कोण? आजवर दोघांनी फाइल टेबलावरच ठेवली आणि आधी आजीशी बोलून येतो म्हणाले.